निरोगी स्वयंसेवकाचा डावा पाय

१ जानेवारी

संकल्प तीनच. गेल्या वर्षी इतके केले होते की कुठला मोडला हेच कळेना.

पहिला: सिगारेट बंद. कालच बंद केली. आज सकाळची धरायची नाही, ती गेल्या वर्षीच्या पाकिटातली होती. दुसरा: रोज संध्याकाळी हिच्याबरोबर चालायला जाणे. तिसरा: या वर्षी चरबीचा कायमचा बंदोबस्त.

चरबी म्हणजे चित्रातली. माझी आहे तिथे ठीक आहे.

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. तरी एकदा स्पष्ट मांडून ठेवतो, पुढेमागे माझ्या कामाचा इतिहास कोणी लिहायला घेतला तर त्याची पंचाईत नको. पायाच्या धमन्या तुंबल्यात का हे पाहायचं, तर सगळीकडे एकच रिवाज. शिरेत डाय टोचा, रक्त उजळवा, फोटो काढा. आणि ज्याची किडनी आधीच दमलेली आहे त्याने काय करायचं? माझ्या थोरल्या भावाला असाच डाय टोचला होता. फोटो फार सुंदर आला. भाऊ डायलिसिसवर गेला आणि परत आला नाही. डॉक्टरच्या डोळ्यांना ताण नको म्हणून रुग्णाच्या किडनीचा बळी द्यायचा, याला मी वैद्यकशास्त्र म्हणत नाही. आळस म्हणतो. निर्लज्ज, कोट घातलेला आळस.

माझ्या पद्धतीत सुई नाही. एमआरआय मशीन मांसाला गप्प बसवतं, चरबीला गप्प बसवतं, आणि वाहतं ताजं रक्त तेवढं उजळ दिसतं. मांस ऐकतं. चरबी ऐकत नाही. ती रक्ताइतकीच पांढरी चमकते, धमनीच्या शेजारी जाऊन बसते आणि मीच धमनी म्हणून मिरवते. तिला दाबायचं. एवढंच काम. सात वर्षं करतोय.

आमच्या हॉस्पिटलचा रक्तवाहिन्यांचा सर्जन माझी मेल उघडतसुद्धा नाही. वर्षअखेरीला तोच माझं चित्र स्वतःच्या खोलीत भिंतीवर लावेल. तारखेसकट लिहून ठेवतो आहे.

४ जानेवारी

चालायला गेलो. डाव्या पोटरीत गोळा आला. बूट नवे आहेत. थांबून दुकानातले मिक्सर पाहिले. ही म्हणाली, आपल्याकडे मिक्सर आहे. म्हटलं, बघायला काय पैसे पडतात? गोळा गेला. पुढच्या कोपऱ्यावर परत आला. तिथे पडद्यांचं दुकान. ही म्हणाली, अहो, आपल्या घराला पडदे आहेत की नाहीत हे तुम्हाला आजवर माहीत नव्हतं, आणि आज कापड चिमटीत धरून बघताय?

माणूस बदलू शकतो यावर हिचा विश्वासच नाही.

१० जानेवारी, शनिवार

शनिवारी दुपारी मशीन रिकामं असतं. आमच्या विभागाच्या हेडने विचारलं, प्रयोगासाठी निरोगी स्वयंसेवक मिळाला का? म्हटलं, मिळाला. वय? म्हटलं, प्रगल्भ.

मीच आत झोपलो. दुसरा कोण झोपणार? आत जाण्याआधी टेक्निशियनने खिसे तपासले. चुंबकाजवळ लोखंड नको म्हणून सगळ्यांचेच तपासतात. लायटर निघाला. म्हटलं, घरचा गॅस पेटवायला नेतोय. तो म्हणाला, सर, हल्ली गॅस बटणाने पेटतो. म्हटलं, आमचा जुना आहे.

(घरी येऊन पाहिलं. बटण आहे.)

चित्र चांगलं. उजवी मांडी तर देखणीच. डावीकडे गुडघ्याच्या वर वीतभर जागेत जरा घोळ आहे. तिथे चरबी नीट दबलेली नाही, सगळं पांढुरकं. पण त्यातून धमनीची रेघ सलग जाताना दिसते. जाडसर आहे, किंचित वाकडी आहे. चारित्र्य असलेली धमनी आहे.

१७ जानेवारी, शनिवार

घोळाचं कारण सापडलं. दोन पायांच्या मधली हवा! हवेमुळे चुंबकाचं क्षेत्र उंचसखल होतं. मग चरबीला दाबणारा इशारा चुकीच्या सुरात वाजतो, आणि चरबी म्हणते, मला कुठे कोणी हाक मारली? यावर उपाय म्हणजे पायांच्या फटीत कोरड्या तांदळाच्या पिशव्या. तांदूळ चुंबकाला पायासारखेच वाटतात आणि चित्रात दिसत नाहीत.

घरातले पाच किलो नेले. ही म्हणाली, पायांना जेवू घाला हो, आम्ही उपाशी राहतो.

निकाल: उजवीकडे चरबी साफ. डावीकडेही साफ, पण तिथली धमनीची रेघच फिकी झाली. तांदूळ जुना असावा. डावीकडची पिशवी काढली, रेघ परत आली. नोंद: डाव्या पायाला तांदूळ मानवत नाही.

२४ जानेवारी

टेक्निशियनने संगणकात फाइलला नाव दिलं होतं ‘साहेबांचे पाय’. परिचारिकांपर्यंत हसू पोचलं. मी लगेच लेखी नियम करून हेडपुढे ठेवला: कुठल्याही चित्रावर, कुठल्याही कारणाने, कोणाचंही नाव येणार नाही. वाचणाऱ्याने चित्र वाचावं, माणूस वाचू नये. तिथल्या तिथे दहा मिनिटं बोललो. हेड भारावला. नियम सही करून भिंतीवर लावला. सही त्याची. शब्द माझे.

फाइलचं नाव आता ‘निरोगी स्वयंसेवक १’.

२ फेब्रुवारी

नवी ज्युनिअर फिजिसिस्ट रुजू झाली. हुशार म्हणतात. प्रत्येक वाक्य ‘सर, एक शंका’ असं सुरू होतं. मी मनातल्या मनात तिचं नाव शंकाबाई ठेवलं.

आजची शंका: मांडीपासून घोट्यापर्यंत चुंबकाचं क्षेत्र जागोजागी बदलतं, मग आपण चरबी दाबायला सगळ्या पायाला एकच सूर का लावतो? प्रत्येक स्लाइसआधी, म्हणजे चित्राच्या प्रत्येक आडव्या कापाआधी, क्षेत्र मोजून तिथला तिथे सूर जुळवला तर?

म्हटलं, हे मी फार पूर्वी विचारात घेऊन सोडून दिलेलं आहे.

(उद्या विचारात घेणे.)

१६ फेब्रुवारी

शंकाबाईने विचारात घेणं, करणं, सगळं उरकून टाकलं. तिच्या पद्धतीने निरोगी स्वयंसेवकाचे पाय नव्याने काढायला लावले. शनिवारी ती नसते, मशीनवर फक्त मी आणि टेक्निशियन. आज निकाल पाहिला.

चरबी गेली, हे मान्य. पण धमनीही गेली! डाव्या मांडीत रेघ खाली येते, थांबते, वीतभर काळोख, मग गुडघ्यामागे पुन्हा उगवते. बाजूने केसासारख्या चार वेड्यावाकड्या रेघा. त्या रेघा म्हणजे मशीनचा गोंगाट. मी तिला स्पष्ट सांगितलं, बाई, तुमची पद्धत चरबीबरोबर धमनी खाते. आजाऱ्याबरोबर निरोग्याला फासावर चढवणं हा न्याय नव्हे.

ती म्हणाली, सर, एक शंका. स्वयंसेवकाच्या पायातच काही असेल तर?

मी म्हटलं, स्वयंसेवक निरोगी आहे.

तिने टेक्निशियनला विचारलं, कोण आहे हा स्वयंसेवक. त्याने भिंतीवरच्या नियमाकडे बोट दाखवलं. माणूस वाटतो तितका वाईट नाही.

२० फेब्रुवारी

शंकाबाईने स्वतःचे पाय टाकले. मग टेक्निशियनचे. चारही धमन्या अखंड, स्वच्छ, आरशासारख्या. ती विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत राहिली. म्हटलं, तरुण धमन्या कुठलाही अत्याचार सोसतात. पद्धतीची खरी परीक्षा मुरलेल्या पायावर.

आज सिगारेट ओढली नाही. जनरेटरच्या खोलीमागची धरायची नाही, ती विचार करण्यासाठी होती.

१ मार्च

चालण्याचा रस्ता बदलला. जुन्या रस्त्यावर दुकानं कमी होती. या रस्त्यावर घड्याळं, चष्मे, टाइल्स, कुत्र्यांचं खाणं, असं सगळं थोड्या थोड्या अंतरावर आहे. शेजारच्या काठीवाल्या आजी आमच्या पुढे गेल्या. त्यांना कायम घाई असते.

टाइल्सच्या दुकानापाशी ही म्हणाली, अहो, तुमचा पाय दुखतोय का? म्हटलं, टाइल्स बघतोय. ती म्हणाली, दुकान बंद आहे.

९ मार्च

बूट बदलले. गोळा तसाच. म्हणजे दोष मोज्यांचा. तूर्त केमिस्टकडून पेनकिलर. सकाळी एक, संध्याकाळी चालण्याआधी एक. याला औषध घेणं म्हणत नाहीत, तयारी म्हणतात.

२८ मार्च, शनिवार

सापडली! कित्येक शनिवार त्या बोगद्यात पडून, कानात बोळे घालून, घणाचे घाव ऐकत शेवटी चरबी दाबण्याची अशी पातळी शोधली की डावी धमनी अखंड दिसते. वरपासून खालपर्यंत, सलग, ठसठशीत. थोडी चरबी राहते आजूबाजूला. राहू दे. जगात कुठलंही राज्य थोड्या चरबीशिवाय चाललेलं नाही.

हाच आता मापदंड. निरोगी स्वयंसेवकाचा डावा पाय ज्या पातळीवर नीट दिसतो तीच पातळी सगळ्या रुग्णांना.

३० मार्च

शंकाबाई भांडली. आवाज चढवून नाही. तो प्रकार तिला येत नाही. म्हणाली, सर, आपल्याला जसं चित्र हवंय तसं दिसेपर्यंत आपण बटण फिरवतोय.

म्हटलं, यालाच अनुभव म्हणतात.

ती म्हणाली, पण मग खरोखर तुंबलेल्या पायातही धमनी मोकळीच दिसेल, आणि रुग्णाला कोणी हात लावणार नाही.

मी तिला कळवळून सांगितलं. बाई, मी या कामात माझा भाऊ घालवून आलोय. रुग्णाची काळजी तुम्ही मला शिकवू नका. तिने डोळे खाली घातले. वादात इतका सरळ विजय मला बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. जनरेटरमागे जाऊन साजरा केला.

१९ एप्रिल

हेडने ठरवलं: जुलैत समिती बसेल. माझी पद्धत की शंकाबाईची, किडनी कमजोर असलेल्या रुग्णांसाठी कुठली वापरायची, याचा निकाल सर्जन देईल. दोन चित्रं शेजारी शेजारी, कोणाची कुठली हे न सांगता.

उत्तम! मी भाषण तयार करायला घेतलं. ‘मित्रहो, सुईच्या टोकावर उभं असलेलं शास्त्र...’ अशी सुरुवात.

१२ मे

कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी. हेडने खोलीत बोलावून दार लावलं. किडनीचा आकडा वाढलाय म्हणाला. पेनकिलर घेतोस का? म्हटलं, नाही. (औषध म्हणून नाहीच.) रक्तदाब? म्हटलं, कामाचा उत्साह आहे. तो म्हणाला, हसू नकोस, हा आकडा असाच राहिला तर तुला उद्या कुठलाही डाय टोचता येणार नाही.

मी मोठ्याने हसलो. मला कशाला लागतोय डाय?

२ जून

डाव्या पायाच्या करंगळीला बूट चावला. जुने बूट म्हणून पायात सरकवले होते, त्यांचंही मन फिरलं. मलम लावलं.

१४ जून

करंगळी बरी होण्याच्या मार्गावर आहे. फक्त अजून त्या मार्गाला लागलेली नाही. रंग जरा वांगी आहे. पेनकिलर दिवसाला तीन. तयारी वाढवावी लागते.

झोपताना हिचा हात पायाला लागला. म्हणाली, अहो, हा पाय गार लागतोय. डावाच. उजवा गरम आहे. म्हटलं, पंख्याची दिशा. हिने पंखा बंद केला आणि अर्ध्या तासाने परत हात लावून पाहिला. संशयी बाई.

२१ जून

मोठं भांडण. हिने मोजा काढायला लावला. मी नकार दिला. ही म्हणाली, मोठे भाऊजी पण असाच मोजा घालून झोपायचे.

म्हटलं, त्याला डायने मारलं.

ही म्हणाली, डाय शेवटी आला हो. त्याच्या आधी ते सहा महिने बोट लपवत होते. वहिनी पाया पडायच्या, दाखवा म्हणून. तेव्हा लवकर दाखवलं असतं तर डायची वेळच आली नसती. तुम्ही सगळ्या हॉस्पिटलला शिव्या घातल्या, एक शब्द त्यांना नाही बोललात. माझ्यावर ती वेळ आणू नका. मला नाही जमायचं वहिनींसारखं पाया पडायला, मी सरळ मोजा कापीन.

काही आरोप इतके खालच्या पातळीचे असतात की त्यांना उत्तर देणं म्हणजे त्यांचा मान वाढवणं. दुसऱ्या खोलीत जाऊन झोपलो. मोजा घालून.

समिती होईपर्यंत कोणाला काही दाखवायचं नाही. निरोगी स्वयंसेवक लंगडताना दिसला तर पद्धतीची बदनामी होईल.

९ जुलै, सकाळ

समितीचा दिवस. इस्त्रीचा शर्ट. भाषण पाठ. दोन पेनकिलर आत्ताच घेतल्या. आज सात वर्षांचा न्याय होणार.

९ जुलै, दुपार

शांतपणे लिहितो.

सर्जन उशिरा आला, हातात चहा. मला म्हणाला, भाषण नको, चित्रं दाखवा. पडद्यावर दोन चित्रं लागली. दोन्ही एकाच माणसाची, नियमाप्रमाणे नाव नाही. क म्हणजे माझं. ख म्हणजे शंकाबाईचं. हेडने सांगितलं, हा निरोगी स्वयंसेवक आहे, दोन्हींतलं कुठलं चित्र जास्त विश्वासाचं वाटतं तेवढं सांग.

सर्जन पडद्याजवळ गेला. चहा घेत घेत दोन मिनिटं पाहत राहिला. मग म्हणाला, ख. प्रश्नच नाही. चरबी पूर्ण गेलीय, त्यामुळे हा ब्लॉक काय सुंदर उघडा पडलाय बघा. इथे बंद, इथपर्यंत बंद, आणि या बाजूच्या बारीक रेघा म्हणजे रक्ताने शोधलेल्या आडवाटा. बरेच महिने जुनं दुखणं आहे. क मध्ये मी फसलो असतो. तिथे धमनीच्या जागी जे दिसतंय ना, ती नुसती चरबीची पट्टी आहे. कोणीतरी फार मेहनतीने राखून ठेवलेली दिसतेय.

हशा.

मग म्हणाला, पेशंट कुठे आहे? ॲडमिट केलाय ना?

मी उभा राहिलो. म्हटलं, तो पेशंट नाही, निरोगी स्वयंसेवक आहे.

तो म्हणाला, निरोगी आहे असं सांगितलं कोणी?

म्हटलं, त्यानेच.

याच्यावर जो हशा झाला तो मी कुठल्याही सभेत ऐकलेला नाही, आणि मी सभा खूप गाजवल्या आहेत. फक्त तिघे हसले नाहीत. टेक्निशियन फरशीकडे बघत होता. हेडने चष्मा काढून पुसायला घेतला. आणि शंकाबाई एकदा पडद्याकडे आणि एकदा टेबलाखाली माझ्या बुटाकडे पाहत होती.

मी अत्यंत सन्मानाने बाहेर पडलो. कॉरिडॉरमध्ये अर्ध्या वाटेत पोटरीने दगा दिला. आग विझवण्याच्या नळकांड्यावरच्या सूचना वाचल्या. पिन ओढा, नळी ज्वाळेच्या तळाशी धरा, दाबा. दोनदा वाचून झाल्या तरी गोळा जाईना. शंकाबाई मागून आली, शेजारी उभी राहिली आणि तीही वाचू लागली.

मग म्हणाली, सर, एक शंका.

म्हटलं, आज नको.

११ जुलै

सर्जन लोकांना सगळीकडे ब्लॉकच दिसतात. ज्याच्या हातात कात्री असते त्याला कापड हवंच. शिवाय एका चहाच्या कपात दिलेला निकाल मी मानत नाही. पुढच्या आठवड्यात सविस्तर प्रतिवाद लिहायचा. मुद्दे: एक, चारित्र्य. दोन, मुरलेल्या धमन्यांचं वेगळेपण. तीन

१३ जुलै

तिसरा मुद्दा सुचत असताना हिने मोजा कापला. भाजीची कात्री. मी झोपेत होतो. करंगळी पाहून ओरडली नाही. ओरडली असती तर मी उलट ओरडलो असतो. नुसती पलंगावर बसून राहिली, कापलेला मोजा हातात धरून. मग म्हणाली, उठा. कपडे घाला. मी रिक्षा बोलावते.

म्हटलं, आज माझी मीटिंग आहे.

म्हणाली, आहेच. त्या पायाबरोबर.

१३ जुलै, संध्याकाळ

किडनीचा आकडा आणखी चढलाय. डाय टोचता येत नाही, कुठलाच. ऑपरेशनआधी धमनी तर बघायला हवी. त्यामुळे हॉस्पिटलकडे एकच मार्ग होता. समितीने चार दिवसांपूर्वी मंजूर केलेला.

टेक्निशियनने खिसे तपासले. लायटर काढून घेतला, काही बोलला नाही. ते जास्त लागलं. शंकाबाईने स्वतः तांदळाच्या पिशव्या लावल्या. दोन्ही बाजूंना, डावीकडे नीट दाबून. मी म्हटलं, डाव्या पायाला तांदूळ मानवत नाही. ती म्हणाली, सर, हलू नका.

आत तेच घणाचे घाव. इतके शनिवार मी हा आवाज मालकासारखा ऐकला. पेशंटला तो वेगळा ऐकू येतो.

बाहेर आल्यावर ती काचेपलीकडून आत आली. म्हणाली, सर, चरबी पूर्ण दबलीय. घोट्यापर्यंत. इतकं स्वच्छ चित्र आपल्याकडे आजवर आलं नव्हतं.

हे वाक्य कोणीतरी म्हणावं म्हणून मी सात वर्षं वाट पाहिली. म्हटलं गेलं तेव्हा मी टेबलावर उताणा होतो, पाय उघडे, मांड्यांमध्ये तांदूळ.

चित्र दाखव म्हटलं. तिने नको म्हणून पाहिलं. मग दाखवलं. वीतभर काळोख. अगदी कडा मोजता याव्यात इतका नेमका. ती जाडसर, किंचित वाकडी, चारित्र्य असलेली रेघ कुठे दिसते का म्हणून मी बराच वेळ शोधलं.

२ ऑगस्ट

बायपास झाला. करंगळी गेली. शेजारचं बोट राहील असं सर्जन म्हणतो, पण तो आवाज मी ओळखतो. मी स्वतः समित्यांपुढे त्या आवाजात बोलतो.

तो म्हणाला, जानेवारीत आला असतात तर ही वेळ नव्हती. सिगारेट सोडायची, रोज चालायचं, दुखलं की थोडं थांबून पुन्हा चालायचं, एवढ्यावर कित्येकांचं भागतं. म्हटलं, मी चालत होतो. ही म्हणाली, कुठे चालत होते, दुकानं बघत होते.

सर्जन हसला. म्हणाला, या आजाराचे सगळे पेशंट दुकानंच बघतात हो.

म्हणजे मी त्यातही पहिला नाही.

११ सप्टेंबर

शंकाबाई घरी आली. फळं घेऊन. तिच्या पेपरमध्ये माझी चित्रं घालायची परवानगी हवी होती. पहिलं चित्र म्हणून. क आणि ख शेजारी शेजारी: चरबी दबली नाही तर डॉक्टर कसा फसतो याचं उदाहरण. म्हणाली, लेखकांमध्ये तुमचं नाव घालायचंय सर, पण हेड म्हणतात, एकच माणूस लेखक आणि रुग्ण असं छापता येणार नाही. दोन्हींतलं एक निवडावं लागेल. तुम्ही लेखक व्हा, मी दुसरा पाय शोधते.

मी खूप विचार केला. खरं म्हणजे फार वेळ लागला नाही. असा दुसरा पाय तिला कुठे मिळणार? सहा महिने राबून, खोट्या रेघेला खत घालून वाढवलेला? आणि नुसत्या ख वर कोणी विश्वास ठेवणार नाही. क शेजारी हवाच.

म्हटलं, पाय घाला.

तिने विचारलं, सर, नक्की? म्हटलं, शंका पुरे.

ती गेल्यावर ही म्हणाली, आज पहिल्यांदा शहाण्यासारखं वागलात. मी म्हटलं, मला अजून फळं दिली नाहीस. तिने संत्रं सोलून दिलं. बिया काढून.

१८ डिसेंबर

तपासणीला गेलो. पायाला धग आहे, नाडी लागते, सर्जन खूश. सिगारेट बंद. (खरोखर. हिने जनरेटरमागच्या वॉचमनला सांगून ठेवलंय.)

त्याच्या खोलीत, टेबलामागच्या भिंतीवर, मानेच्या उंचीला, मोठं करून फ्रेममध्ये लावलेलं चित्र. दोन पाय. उजवी धमनी सलग. डावीकडे वीतभर काळोख, बाजूने आडवाटा. तो म्हणाला, नव्या पोरांना हेच दाखवतो, चरबी दाबायची म्हणजे अशी दाबायची. किडनीवाले तीन पेशंट या पद्धतीने वेळेत पकडले या महिन्यात. डाय नाही, काही नाही. कोणाचं चित्र आहे ठाऊक आहे ना? म्हणाला आणि हसला. खांद्यावर हात ठेवून वॉर्डच्या राउंडला निघून गेला.

मी जवळ जाऊन पाहिलं. खाली, कोपऱ्यात, शोधलं. नाव नाही. ना तिचं, ना माझं. कुठल्याही चित्रावर, कुठल्याही कारणाने, कोणाचंही नाव येणार नाही. शब्द माझे.

बाहेर ही वाट पाहत होती. पाय दुखत नव्हता, तरी बराच वेळ त्या चित्रापुढे थांबलो.